विहिणीचं ताट

लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा नियम ज्याने कुणी काढला तो मला एकदा भेटला पाहिजे. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या सासरी अन्नाला हात लावायचा नाही, म्हणे. मावळात आता हे फारसं कोणी पाळत नाही. कान्हे गावच्या माझ्या चुलतबहिणीने तर लग्नानंतर महिन्याभरात आईला बोलावून मटण खाऊ घातलं होतं. पण आमची आई आंदर मावळातली, तीही पार डोंगराला टेकलेल्या गावातली. एसटी आली तर आली. जुने नियमही तिथून बाहेर पडायला एसटीचीच वाट बघत बसले असावेत.

मी लग्न होऊन लोणावळ्याला आले तेव्हा आई मला भेटायला यायची ती फडक्यात भाकरी बांधून. माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझ्या वरणाचा वास घेत, ती आपली कोरडी भाकरी ठेच्याशी खायची. पाण्याची बाटलीसुद्धा घरून भरून आणायची. शेजारीण मला कोपऱ्यात घेऊन विचारायची, तुमचं काही बिनसलंय का? मग मला मुलगा झाला. बारशाच्या दिवशी बाईसाहेब ताटावर बसल्या आणि पुन्हा पुन्हा भात मागून घेतला. मी म्हटलं, सुटले!

कसली सुटतेय! धाकटी बहीण राहिलीच होती.

धाकटी नर्स. आखातातल्या एका दवाखान्यात नोकरीला गेली, तिथे यंत्रं दुरुस्त करणारा एकजण भेटला आणि लग्न करून ती थेट त्याच्या गावी गेली. गाव म्हणजे ग्वाम. पॅसिफिक समुद्रातलं बेट. नकाशावर शोधायला माझ्या मुलाला भिंग लागलं. तिथल्या मूळच्या लोकांना चामोरो म्हणतात, जावई त्यांच्यातला. राजधानीचं नाव हगात्न्या. ते मी गावात मोठ्याने घेत नाही, पोरं फिदीफिदी हसतात. आई नुसतं "धाकटीचं बेट" म्हणते.

लग्नाला दोन-तीन वर्षं झाल्यावर एक दिवस धाकटीचा फोन आला. "ताई, डिसेंबरात आमच्याकडे नऊ दिवस संध्याकाळची प्रार्थना आहे. आईला घेऊन ये. आणि काहीही कर, पण शेवटच्या दिवशी तिला माझ्या सासूच्या हातचं जेवायला बसव."

"अगं, तुला नियम माहिती नाही का तिचा?"

"माहितीये. ती जेवली नाही तर मला त्या घरात तोंड दाखवायला जागा नाही, ताई."

का, ते सांगितलं नाही. धाकटी धड कधीच काही सांगत नाही. आदल्या वर्षी तर महिनोन्महिने व्हिडिओ कॉलवर नुसतं कपाळ आणि छताचा पंखा दाखवत होती. "फोन नीट धर की गं!" म्हणून माझा घसा बसला.

तर आईला बेटावर न्यायचं आणि जेवू घालायचं, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं ना? व्हिसाच्या ऑफिसातच घोडं अडलं. जन्मभर भात लावून आईच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या, यंत्रात ठसाच उमटेना. काचेमागची मुलगी म्हणाली, जोरात दाबा. आईने असं दाबलं की यंत्र हललं. "मोडंल की गं ह्येचं," म्हणून आईच घाबरली.

तिथल्या विमानतळावर हातमोजे घातलेल्या माणसाने आमची बॅग उघडली. आईने काय भरलं असेल? घरचा इंद्रायणी तांदूळ, हिरव्या मिरच्या, ओल्या फडक्यात गुंडाळलेली विड्याची पानं, कैरीचं लोणचं. बेटावरच्या सगळ्या मुक्कामाची स्वतःच्या जेवणाची सोय. त्याने एकेक उचललं आणि मोठ्या डब्यात टाकलं. बाहेरचं धान्य, पाला, काही चालत नाही म्हणे. आई मराठीत भांडली. "आरं बाबा, तांदूळ हाय त्यो. बाँब न्हाई." तो शांतपणे मान हलवत राहिला आणि टाकत राहिला. इंद्रायणीचा वास त्या सगळ्या दालनात सुटला होता. आईचे डोळे भरले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बजावलं होतं गं मी! दहादा बजावलं होतं!

बाहेर जावई हार घेऊन उभा. आडवा-उभा दांडगा, चेहऱ्याने अगदी गरीब. त्याने पुढे होऊन आईचा हात धरला, वाकला आणि हाताच्या पाठीवर नाक टेकवलं. आईने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"हुंगतोय का गं ह्यो? हात धुतलाय म्या."

"आई, ते पाया पडणं आहे त्यांचं," धाकटी म्हणाली. मग आईने हात परत पुढे केला आणि वर "औक्षवंत हो" म्हणाली. आशीर्वादाला हयगय नाही, हं. फक्त जेवण नको.

राजधानी म्हणजे आपल्या कामशेतच्या बाजारपेठेला वळसा घालून यावं तेवढी. एक चौक, एक मोठं चर्च, समोर समुद्र, आणि रस्त्याने मोकाट हिंडणाऱ्या कोंबड्या, ज्यांना कोणी धरत नाही हे आईला शेवटपर्यंत पटलं नाही. बागेत त्यांच्या पूर्वजांच्या घरांचे दगडी खांब उभे आहेत, डोक्यावर उपड्या वाटीसारखे दगड. आईने हात लावून बघितले. "खांब हायती. मंग घर कुटं गेलं?" जावई एकदा रानात घेऊन गेला, तर शिरण्याआधी थांबला आणि पुटपुटला. आजी-आजोबांनो, येऊ का आत, असं तिथल्या वाडवडिलांना विचारावं लागतं. आमच्या देवराईशी आई अशीच थांबते. "शानी मान्सं हायती," ती म्हणाली. मला वाटलं, आता विरघळली. घरी आलो, विहीणबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि हिने हात जोडले.

आता या विहीणबाई. फुलाफुलांचा झगा, गोल चेहरा, तोंडात सदा सुपारी. त्या बेटावर माणूस दारात आला की "कसे आहात" नंतर, आधी "जेवलात का?" आणि जेवलात म्हटलं तरी ताट येतं. निघताना उरलेलं बांधूनही देतात. त्यांच्यात जेवण नाकारणं म्हणजे माणूसच नाकारणं. आणि आमच्यात ही! दोघींच्या मधे माझं पार सँडविच झालं. रोज सकाळी मी माझ्या पैशाने दुकानातून तांदूळ-डाळ आणायची, अंगणातल्या त्यांच्या उघड्या स्वयंपाकघरात एका कोपऱ्यात शिजवायची, आणि आई विकतच्या बाटलीतलं पाणी पीत पीत ते खायची. पलीकडे विहीणबाई भरलेली भांडी उघडून बघत राहायच्या. जावयाने विचारलं, आईंना पथ्य आहे का? मी हो म्हटलं. काय सांगणार, कप्पाळ?

त्यातून एक दिवस बघते तर काय, दोघी बाकावर शेजारी बसून विडा चघळतायत! तिथेही तेच, विड्याचं पान, चुना, ओली सुपारी. विहीणबाई सुपारी फोडतायत, आई पानाला चुना लावतेय, दोघींची तोंडं लाल.

"हे चालतं?" मी कडाडले.

"पान म्हंजी जेवान न्हाई. पान-सुपारीला न्हाई म्हनू न्हाई."

मी कपाळावर हात मारून घेतला. कायदेपंडित आहे आमची आई!

संध्याकाळी माणसं यायची. ओसरीवर मूर्तीपुढे मेणबत्ती, फुलं, आणि शेजारी लोकरीचे दोन इवलेसे मोजे. आपण बाळकृष्णाला अंगडं-टोपडं करतो तसं यांच्या बाळ येशूला केलं असेल, असं मी आईला समजावलं. आईलाही ते आवडलं. माणसं जपमाळ हातात घेऊन त्यांच्या भाषेत म्हणायची, मग जेवायची. धाकटी रोज रडायची. मला वाटायचं, आईच्या हट्टापायी रडतेय. म्हणून मी रोज नव्याने आईशी भांडायची.

"थोरले, तू मला शिकवू नगंस," आई म्हणायची. मी थोरली, म्हणून सगळं माझ्याच गळ्यात, हे माझं जन्मापासूनचं गाऱ्हाणं.

शेवटची संध्याकाळ आली. अंगणात मांडव, टेबलं लागली. शेंदरीच्या बिया भिजवून काढलेल्या पाण्यात शिजवलेला लाल भात, निखाऱ्यावरचं मांस, लिंबू-मिरची-ओल्या खोबऱ्यात कालवलेली कोंबडी. तो कोंबडीचा वास इतका आपल्याकडचा होता की माझ्या तोंडाला पाणी सुटलं. प्रार्थना संपली. कोणी ताटाला हात लावेना. विहीणबाईंनी पहिलं ताट वाढलं, सगळ्यांसमोरून चालत आल्या आणि आईपुढे धरलं.

आईने हात जोडले. "नगं."

त्या हलल्या नाहीत. आईही नाही. सगळं अंगण आमच्याकडे बघत होतं. मी दात आवळून म्हटलं, "आई, दोन घास खा, तुझ्या पाया पडते." आई म्हणाली, "रीत ती रीत."  मग विहीणबाई तशाच ताट घेऊन मागे फिरल्या, मूर्तीशेजारच्या खुर्चीत बसल्या आणि रडायला लागल्या.

तेव्हा धाकटी उठली. एवढ्या माणसांत, ओरडूनच म्हणाली, "मूल होईपर्यंतच ना गं तुझी रीत? मग झालं होतं मला! झालं होतं!"

मला आधी कळलंच नाही. गेल्या डिसेंबरात, सातव्या महिन्यातच. मुलगा. एक दिवस जगला. पाचवा लागल्यावर आम्हाला सांगायचं तिने ठरवलं होतं, पण तेव्हाच भातकापणीत आई बांधावरून पडून पाय प्लास्टरमध्ये घालून बसली होती. तिला घोर नको म्हणून ही थांबली. मग सांगण्यासारखं काही उरलं नाही. ते कपाळ आणि तो पंखा! मी मेली फोन नीट धर म्हणून ओरडत होते. आणि ते मोजे बाळ येशूचे नव्हते.

"आज त्याचं वर्ष आहे, आई. हे सगळे तेव्हाही आले होते, नऊच्या नऊ संध्याकाळी. सासूबाईंनी रोज सगळ्यांना जेवू घातलं. आज त्याच्या आजीने पहिला घास खायचा म्हणून थांबलेत सगळे."

आईने त्या मोज्यांकडे बघितलं. मग म्हणाली, "येका दिसाच्या लेकराचं?"

"हो."

"येवढी मान्सं?"

"हो गं."

आई उठली. विहीणबाईंपाशी गेली, त्यांच्या हातातून ताट घेतलं आणि त्यांच्या पायाशी जमिनीवरच मांडी घालून बसली. लाल भाताचा घास घेतला. विहीणबाई खुर्चीवरून उतरून तिच्या शेजारी बसल्या आणि रडत रडत तिला वाढायला लागल्या. आईने सगळं ताट संपवलं, एक शीत ठेवलं नाही. मग मला म्हणाली, "आजून येक ताट वाढ म्हनावं."

"आई, बास आता! पचायचं नाही तुला," मी म्हटलं. सवयच ती.

"मला न्हाई."

ते ताट तिने स्वतः उचललं आणि त्या मोज्यांच्या शेजारी नेऊन ठेवलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुज्या आदी येक झाल्ता. पोरगा. दोन दिस व्हता. तुज्या आज्यानं बांधाकडंला नेऊन मातीत ठिवला. लावनी चालली व्हती, मला रडायला बी बसू दिलं न्हाई. थोरला त्यो हाय. तू दुसरी."

 त्या बांधावरून मी लहानपणापासून ये-जा केली होती. तिथेच बसून डबा खाल्ला होता.

धाकटीने ते विहीणबाईंना त्यांच्या भाषेत सांगितलं, तसं त्यांनी तिला काहीतरी विचारलं. धाकटी म्हणाली, "आई, त्या विचारतायत, त्याचं नाव काय?"

दोन दिवसांच्या पोराचं बारसंही झालेलं नसणार. मी तसं सांगणारच होते, पण आईने नाव सांगितलं. जरासुद्धा न अडखळता सांगितलं.

मग त्या सगळ्यांनी ताटं बाजूला ठेवली, माळा परत हातात घेतल्या आणि माझ्या भावाचं नाव आपापल्या जिभेला जमेल तसं घेतलं. आमच्या घरात ते आजवर कोणी एकदाही घेतलं नव्हतं.