आचाऱ्याचं पहिलं ताट

वीरण्णा हुडगे आमटी चाखून पाहत नाहीत. पाचशे माणसांची असो की दोन हजारांची, ते डेगेवरचं झाकण सरकवतात, वाफेत तोंड धरतात आणि सांगतात, "मीठ कमी हाय," किंवा "येसर अजून कच्चं हाय." येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचा आणि मसाल्यांचा तो कूट, ज्याच्यावर इकडच्या लग्नातली आमटी उभी असते. निलंग्यापासून कंधारपर्यंत अनेक घरांत लग्नाची तारीख निघाली की पहिला फोन वीरण्णांना जातो, मंडपवाल्याला त्यानंतर.

नाक उपाशी पोटी चालतं, भरल्या पोटी मरतं, असं त्यांचे वडील मलप्पा सांगत. तेही आचारीच होते. म्हणून स्वयंपाकाच्या दिवशी पहाटे लिंगपूजा झाली की कोरा चहा, आणि मग शेवटची पंगत उठेपर्यंत काही नाही. वडिलांमागे वीरण्णांनी हा नेम चालवला. आपण तो पाळतो हे यजमानांना ठाऊक असावं, असंही त्यांना वाटे. "आप्पा उपाशी हाईत," असं कुणी म्हणालं की ते ऐकू न आल्यासारखं करत आणि उलथनं जरा जोरात फिरवत.

साठीच्या आत-बाहेर असताना जळजळ सुरू झाली. घशाशी आंबट पाणी यायचं, बेंबीच्या वर खुपायचं. भट्टीची धग लागते, अशी त्यांनी समजूत करून घेतली. ज्या गावी लग्न, तिथल्या मेडिकलवर जाऊन ते जळजळीची गोळी मागत. निलंग्यात पँटोप्रॅझोल मिळाली. चार दिवसांत उतार नाही म्हणून उदगिरात ओमेप्रॅझोल, पुढे बिलोलीत रॅबेप्रॅझोल. एका पाहुण्यानं फॅमोटिडीन सुचवली. गुलाबी औषधाची बाटली तेलाच्या डब्यांशेजारी कायम असे. त्याच काउंटरवरून गुडघेदुखीच्या गोळ्याही येत, कारण दिवसभर उभं राहायचं असे.

एका सकाळी त्यांनी जळजळीच्या तीन वेगवेगळ्या गोळ्या एकदम घेतल्या. पत्नी नीलम्मा ओरडल्या, तेव्हा म्हणाले, "येसरात इतके जिन्नस पडतात तवा कुठं चव येती. एकट्या धन्यानं काय होतंय?"

उदगीरकडच्या एका लग्नात पंगत सुरू होण्याआधी त्यांना डेगेपाशी घेरी आली. दोन दिवस शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्याबरोबर पंधरा वर्षं पुऱ्या लाटणाऱ्या सरजाबाईंनी सदऱ्याला धरून त्यांना मागं ओढलं.

"आप्पा, आत पडला असता तर वऱ्हाडाला काय सांगायचं होतं? आमटी शाकाहारीच हाय म्हणून?"

वीरण्णा हसले आणि खाली बसले. त्यांना उठता येईना. सरजाबाईंनी आमटी उतरवली आणि गाडी बोलावली.

लातूरच्या दवाखान्यात दुर्बीण घालून तपासणी झाली. आतड्याच्या सुरुवातीला व्रण होता आणि त्यातून रक्त गेलं होतं. रक्त थांबल्यावर पोटविकारांच्या डॉक्टर तनुजा यांनी घरच्या गोळ्या मागवल्या. नीलम्मांनी पिशवी टेबलावर उलटी केली.

"ह्यातली लई कडक कंची?" वीरण्णांनी विचारलं.

"या तिघी सख्ख्या बहिणी आहेत, आप्पा," डॉक्टरांनी तीन पाकिटं वेगळी केली. "पोटातलं आम्ल कमी करायचं, एवढंच तिघींचं काम. एकीला सोडून दुसरीकडे गेलात, म्हणजे त्याच घराचं दार पुन्हा वाजवलंत. ही चौथी वेगळ्या घरची. आराम लवकर देते, पण जखम भरायला या बहिणी जास्त कामाच्या. बाटलीनं तेवढ्यापुरती जळजळ थांबते."

"मग जखम झाली कशानं?"

"गुडघ्याच्या गोळ्यांनी. शिवाय पोटात जंतू सापडलाय, त्याचं औषध दोन आठवडे घ्यायचं. गुडघ्याच्या गोळ्या आजपासून बंद." मग त्यांनी विचारलं, "जळजळीची गोळी घेता कधी?"

"पहाटं. चहासंगं."

"आणि जेवता कधी?"

"पंगत उठल्यावर. चार वाजता, धरा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ही गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची आणि मग जेवायचं. पोट कामाला लागतं, तेव्हाच हिचं काम नीट होतं. तुम्ही पाहुणी बोलावता आणि ताट वाढतच नाही."

तिघींपैकी त्यांनी पँटोप्रॅझोल ठेवली. दुसरीनंही वीरण्णांचं भागलं असतं, पण घरात दुसरं माणूस होतं. नीलम्मांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट घातलेला होता आणि रक्त गोठू नये म्हणून त्या क्लोपिडोग्रेल घेत होत्या. ओमेप्रॅझोलनं त्या गोळीचा असर कमी होऊ शकतो, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"अय्यो, हीच गोळी हे मला देत होते की," नीलम्मा म्हणाल्या. "म्हणं, मला गुण येईना, तू घेऊन बघ."

एकाची गोळी दुसऱ्यानं घ्यायची नाही, नीलम्मांना त्रास झाला तर त्यांच्या डॉक्टरांना विचारायचं, असं ठरलं.

"नेम मोडतो मग," निघताना वीरण्णा म्हणाले.

"नेमाचं तुम्ही बघा. पुन्हा रक्त गेलं तर भट्टी सुटेल, एवढं मी सांगते."

घरी आल्यावर त्यांनी दोन लग्नं सोडली. तिसरं कंधारजवळच्या किशनरावांच्या मुलीचं होतं आणि शब्द आधी दिलेला होता. नीलम्मा जाऊ नका म्हणत होत्या. वीरण्णांना पोटाची काळजी उरली नव्हती, गोळीनं गुण येत होता. भीती नाकाची होती. "जेवून उभा राहिलो अन् वास लागला न्हाई, तर मी निस्ता लाकडं ढकलणारा," ते सरजाबाईंना म्हणाले.

"तर मग लाकडं ढकला. आमटी मी चाखीन," सरजाबाई म्हणाल्या.

लग्नाच्या पहाटे पूजा झाली, भट्टी पेटली. वरण-भात होत आला तेव्हा त्यांनी गोळी घेतली. अर्ध्या तासानं देवाला नैवेद्य दाखवून झाला. मग वीरण्णांनी पाट मागवला. सरजाबाईंनी तो मंडपाच्या मागच्या बाजूला टाकला. वीरण्णांनी स्वतः उचलून तो भट्टीसमोर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा मांडला. लपून खाल्लं तर ती चोरी झाली असती, असं ते आजही सांगतात.

नवरदेवाचे काका चहासाठी लवकर आले होते. त्यांनी ते पाहिलं. "आचारीबुवा, नवरदेव अजून पारावर अन् तुमची पंगत सुरू!"

किशनरावांचा चेहरा पडला. वीरण्णांनी घास गिळला. "मालक, आधी मी जेवतो. मला काय झालं न्हाई, तर तुमी जेवा."

काका मोठ्यानं हसले, मग किशनरावही. वीरण्णांनी ताट पूर्ण संपवलं.

दहाच्या सुमारास आमटीत येसर पडलं. झाकण सरकलं, वीरण्णांनी वाफेत तोंड धरलं. ते बाजूला झाले, उपरण्यानं चेहरा पुसला आणि पुन्हा वाकले. लाटणी थांबली होती.

"चाखू का?" सरजाबाईंनी विचारलं.

"नको. मीठ आण."

त्यांनी ओंजळ भरून घेतली, थोडं मीठ परत टाकलं, उरलेलं डेगेत सोडलं आणि झाकण लावलं.

पहिल्या पंगतीला ते उभे नव्हते. गुडघ्याच्या गोळ्या बंद होत्या, म्हणून उंच स्टुलावर बसून बघत होते. काकांनी आमटीची वाटी तिसऱ्यांदा पुढं केली. वीरण्णा स्टुलावरून उतरले आणि मिठाचं भांडं घेऊन स्वतः तिथं गेले.

"मीठ पाहिजे का मालक?"

"मीठ कशाला? आमटी वाढा!"

सरजाबाई सांगतात की परत येताना आप्पांची चाल सरपंचासारखी होती.

औषधाची मुदत संपली, नंतरच्या तपासणीत जंतू गेलेला दिसला आणि डॉक्टरांनी गोळी थांबवली. वीरण्णांना पुन्हा उपास धरता आला असता, त्यांनी धरला नाही. गेल्या हंगामात बिलोलीकडच्या एका लग्नात ते पोचले, तेव्हा यजमानानं भट्टीसमोर पाट आधीच मांडून ठेवला होता. "कंधारला आचाऱ्याचं ताट पहिलं असतं म्हणं," यजमान म्हणाला. "आमच्याकडं कमी पडायला नको."

वीरण्णांनी त्याची समजूत दुरुस्त केली नाही. ते पाटावर बसले आणि सावकाश जेवले. मग हात धुऊन डेगेपाशी गेले आणि झाकण सरकवलं.