साफ केलेला हेकरू

दिंको मला कधीच आवडला नाही. एक नंबरचा माजोरडा, आणि पाण्याखाली माझ्या दुप्पट वेळ राहायचा. "मास्तर, तुमच्या फुप्फुसांत शाई भरलीय," असं चारचौघांत म्हणायचा. मी बेटावरच्या शाळेत शिकवायचो, म्हणून शाई.

भाल्याने मासे मारणारा आमचा क्लब निघाला तेव्हा सभासद सात. डॉक्टर मारोएविच अध्यक्ष, बाकी पोस्टातले, शाळेतले. कोळ्याच्या घरातला एकटा दिंको. ट्रकच्या जुन्या ट्यूबमध्ये काच बसवून आम्ही मुखवटे केले होते, आणि थंडीसाठी लोकरीचे स्वेटर घालून पाण्यात उतरायचो. जाळीवाले आम्हाला पाहून थुंकायचे. एकदा त्यांनी आमच्या नावेच्या तळाला भोक पाडलं.

दिंकोच्या घरात तर रोज भांडण. त्याचा बाप, बार्बा कुझ्मा, जाळीवाल्यांचा म्होरक्या. "घरात जाळं असताना माशाला भोसकत फिरतो! धक्क्यावर मी तोंड कसं दाखवू?" शेवटी बापलेकांत ठरलं. जुलैत क्लबची पहिली स्पर्धा होती. माशांच्या वजनात पहिले येणारे दोघे समुद्रापलीकडच्या स्प्लिट शहरात, संघाच्या निवडीसाठी जाणार. दिंको त्या दोघांत आला, तर बाप गप्प बसणार. नाही आला, तर भाला समुद्रात आणि दिंको जन्मभर जाळ्यावर.

स्पर्धेच्या सकाळी बार्बा कुझ्माने मुद्दाम त्याला जाळी ओढायला लावलं. डॉक्टरांनी धक्क्यावर नियम वाचून दाखवले, तेव्हा दिंको तिथे नव्हता. नावा सुटता सुटता धावत आला आणि माझ्या नावेत चढला. दोघांत एक नाव होती. एकाने बुडी मारायची, दुसऱ्याने वल्हवायचं.

दुपारपर्यंत माझ्याकडे चार किरकोळ मासे. दिंको एका कपारीत तीनदा उतरला आणि तिसऱ्यांदा जाड ओठांचा हेकरू घेऊन वर आला. अकरा किलो तरी असेल. "मास्तर, बघून घ्या. स्प्लिटला जाणारा मासा असा दिसतो."

मग त्याने कमरेची सुरी काढली. आमच्या बेटावर कोळी मासा साफ केल्याशिवाय घरी नेत नाही. पोटातली घाण घेऊन आलास तर बायका उंबऱ्यावरूनच परत पाठवतात. दिंकोने गाण्याची ओळ गुणगुणत पोट फाडलं, आतडी सीगलना टाकली, मासा समुद्राच्या पाण्यात खळखळून धुतला.

डॉक्टरांचा तिसरा नियम मला पाठ होता: मासा पोटासकट आणायचा, चिरलेला बाद. माझं तोंड उघडलं असतं तर चार शब्दांचं काम होतं. पण मी वल्हवत राहिलो. मला आनंद होत होता. खोटं कशाला सांगू?

धक्क्यावर वजनकाट्यापाशी सगळा गाव जमला होता. डॉक्टरांनी हेकरू उलटा केला. "बाद. पोट चिरलंय. चिरलेल्या पोटात कोणी शिसं भरेल."

"अहो डॉक्टर, मी काढलंय, भरलं नाही! वजन घटलं की वाढलं?"

"नियम सकाळी वाचलाय."

दिंको माझ्याकडे वळला. "मास्तर, तुम्ही समोर बसला होतात. सुरी काढली तेव्हा."

"मला वाटलं, तुला ठाऊक आहे," मी म्हणालो.

"थुत् तुझ्या!" एवढंच तो म्हणाला. 'तुम्ही' तेव्हाच संपलं.

बार्बा कुझ्मा गर्दीतून पुढे आला. मला वाटलं, हसेल. तो हसला नाही. लेकाच्या हातातून भाला घेतला, धक्क्यावरून खाली सोडला आणि म्हणाला, "चल. जाळी सुकायची राहिलीत."

दिंको बाद झाला, म्हणून स्प्लिटच्या यादीत दुसरं नाव माझं लागलं. तिथे मी शेवटून दुसरा आलो.

दिंको त्यानंतर तेहतीस वर्षं जगला, जाळ्यावरच. उत्तम कोळी, असं सगळे म्हणतात. पोरांना त्याने मला नमस्कार करायची बंदी केली होती. त्याची धाकटी चार वर्षं माझ्या वर्गात बसली आणि मी विचारलेल्या एकाही प्रश्नाला उठून उत्तर दिलं नाही. आणि जाळं तळाच्या खडकात अडकलं, की दिंको सुरीने दोर कापायचा. नवं कोरं जाळं असलं तरी सोडून द्यायचा, पण पाण्यात उतरायचा नाही.