वाचायला कोण थांबतं

माझी मुलगी संगणकावर ब्लॉग लिहिते. रविवारी सकाळी चहा गार होईस्तोवर ती पडद्याकडे बघत बसते आणि मग विचारते, "बाबा, कशावर लिहू म्हणजे लोक वाचतील?" मी हिशेबातला माणूस. सांगलीत हळदीच्या पेढीवर आकडेमोड करण्यात आयुष्य गेलं. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे असायचं काही कारण नाही. पण तो कानावर पडला की मला खडूचा वास येतो, आणि विश्रामबागेतल्या बसथांब्यामागची एक भिंत दिसते, सकाळच्या धुक्यात अर्धी बुडालेली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. आमच्या वसाहतीच्या वाचनालयाला रस्त्याच्या बाजूने कुंपणाची भिंत होती आणि तिच्यावर सिमेंटचा काळा फळा होता. सभेची सूचना, नळाला पाणी न येण्याचा दिवस, कुणाच्या निधनाची बातमी, हे सगळं तिथे लिहिलं जायचं. निधनाच्या बातमीला चारी बाजूंनी चौकट असायची. बाकीच्या दिवशी एक सुविचार. लिहायचे ते चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. त्यांचं अक्षर असं होतं की पाणी येणार नाही ही सूचनासुद्धा लग्नपत्रिकेसारखी दिसायची.

एका आजारपणानंतर सरांचा हात थरथरायला लागला. वाचनालयाचा जमाखर्च मी लिहायचो, तो त्यांनी पाहिलेला होता. मला बोलावून म्हणाले, "तुमचे आकडे सरळ रेषेत उभे राहतात. फळा तुम्ही घ्या. अक्षर नंतर येईल."

अक्षर काही आलं नाही. मी संध्याकाळी पेढीवरून परतताना सायकल थांबवून लिहायचो. सर दुसऱ्या दिवशी सकाळी मफलर गुंडाळून यायचे आणि फळ्यासमोर उभे राहून शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचे. बहुतेक तेवढे एकटेच वाचायचे.

दिवाळीनंतरच्या सभेत वाचनालयाच्या चिटणीसांनी विषय काढला. त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि बोलणंही कापड फाडल्यासारखं, सरळ. "सर, राग मानू नका. एक शीतपेयवाले ती भिंत जाहिरातीला मागतायत. भाडं येईल, त्यातून नवी मासिकं घेऊ. नाहीतरी फळा वाचतंय कोण?"

सरांकडे बघून चिटणीसच जरा नरमले. "बरं, गुढीपाडव्यापर्यंत थांबू. माणसं वाचायला थांबलेली दिसली, तर फळा राहील. नाही दिसली, तर पाडव्याला रंगारी येईल."

घरी येताना मी सरांच्या बरोबर चालत होतो. त्यांच्या फाटकाशी आल्यावर म्हणाले, "मला मासिकं नकोत असं नाही. पण ही गेल्यापासून सकाळी उठून जायचं म्हटलं, तर मला तेवढी एक भिंत आहे हो." ही म्हणजे त्यांची पत्नी. मी काहीतरी धीराचं बोललो असेन. आठवतं ते एवढंच की कुठल्यातरी अंगणातल्या रातराणीचा वास आला आणि आम्ही दोघेही तो कुठून येतोय ते शोधत उभे राहिलो.

तेव्हापासून मी विषय शोधायला लागलो. माझी पद्धत हिशेबाची. सकाळी बसथांब्यावर उभं राहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांतल्या किती जणांची मान फळ्याकडे वळते ते बघायचं. सुविचाराला शंभरात दोन-तीन माना वळत, त्यातही एखादी नुसती आखडलेली मान मोकळी करणाऱ्याची असे. मी हळदीचा भाव लिहून पाहिला. ज्यांना हवा होता त्यांना तो आधीच माहीत होता, बाकीच्यांना तो नको होता. कृष्णेची पाणीपातळी लिहिली. पावसाळ्यात त्यासाठी झुंबड उडाली असती, पण हिवाळ्यात नदी जागची हलत नव्हती आणि आकडाही. गुळाच्या ढेपेवर चार अभ्यासपूर्ण ओळी लिहिल्या. एक म्हातारी तेवढी थांबली. मी आनंदाने जवळ गेलो, तर ती चपलेत गेलेला खडा काढत होती.

डोक्यात सतत विषय. पेढीवर हळदीची पोती उतरायची, पिवळी धूळ उन्हाच्या तिरिपेत तरंगत राहायची, आणि मला तिच्यात अक्षरं दिसायची. वाचायला जावं तर विरून जायची.

माझं आजोळ कराडला लागून असलेल्या मलकापूरचं. महिन्याकाठी एकदा मी एसटीने मामाला भेटायला जायचो. मामा तिकडच्या बोलीतला आणि थट्टेखोर. जेवणं झाल्यावर ओसरीवर पान लावत त्याने विचारलं, "त्वांड का पाडलंयस रं? काय लिवतोस त्या फळ्यावर?"

"सुविचार."

"म्हंजी?"

"खरं बोलावं, कष्ट करावेत, असं."

"आणि ह्ये वाचाया लोकांनी थांबायचं व्हय? गड्या, ह्ये तर घरात बायकू फुकट सांगती."

मामी आतून म्हणाली, "ऐकतंय कोण पर!"

"मग काय लिहू, मामा?"

"परवा आमची म्हस सुटली, ती सरळ दवाखान्यात शिरली बग. निम्मं मलकापूर बघाया आलं. खाटंवरची आजारी माणसं उठून बसली. डागदर म्हनला, औषधानं उठली न्हवती."

"आता मी विश्रामबागेत म्हैस कुठून आणू?"

मामाने पान गालात सरकवलं. "तुज्या गल्लीत कवाच काय सुटत न्हाई व्हय रं?"

मी हसण्यावारी नेलं. परतीच्या एसटीत खिडकीशी बसलो होतो. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच एखाद्या गुऱ्हाळाचा धूर आणि गोड, जड वास. गाडीच्या लयीत डोळे मिटत होते. अर्धवट झोपेत मी आमच्या गल्लीतून चालत होतो, आणि एरवी जे घराघरांत गप्प बसून असतं ते सगळं सैल होऊन बाहेर येत होतं. कुणाचा पतंग तारांवरून उतरून पायरीवर बसला होता. एका खिडकीतून पेटीचे सूर येत होते, एकच ओळ, पुन्हा पुन्हा. पांढरी मांजर एका फाटकातून निघून दुसऱ्यात शिरत होती. घरं तीच होती, पण पाण्याखाली असल्यासारखी हलत होती. कंडक्टरने "सांगली, सांगली" म्हणून हाक मारली तेव्हा ती पेटीची ओळ माझ्या ओठांवर होती.

उतरलो तो थेट फळ्याकडे गेलो. लिहिलं: 'मागच्या गल्लीत रोज संध्याकाळी कुणीतरी पेटीवर एकच ओळ वाजवतं. पुढची ओळ कुणाला येते का?'

दुसऱ्या दिवशी बसथांब्यावरची माणसं वळून बघत होती. एक बाई तर जाताना ती ओळ गुणगुणत गेल्या. आणि संध्याकाळी त्याच्या खाली, अनोळखी अक्षरात, कोळशाने लिहिलेलं होतं: 'येते. पण आधी ही तर बसू दे.'

मग मी मांजरीवर लिहिलं. 'वसाहतीतली पांढरी मांजर तीन घरांत दूध पिते. तिन्ही घरांना ती आपली वाटते.' खाली कुणीतरी लिहिलं, 'चार.' मी चौकशी केली. चारच निघाली. चुकलेला आकडा तसाच ठेवणं माझ्या स्वभावात नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्याच ओळीत लिहिलं: 'दुरुस्ती: घरं चार.' त्या दुरुस्तीला मूळ मजकुरापेक्षा जास्त माना वळल्या. सर फळ्यासमोर उभे राहून एकटेच हसत होते. त्यांचा मफलर हसण्याने हलत होता.

असा हिवाळा सरत आला. पण चिटणीस काही मानायला तयार नव्हते. "बसची वाट बघणारा माणूस कशाकडेही बघतो हो. बस आली की वळून तरी बघतो का? त्याला थांबणं म्हणत नाहीत." मला हे बोलणं लागलं, कारण हिशेबाने ते बरोबर होतं. पाडवा जवळ येत होता.

एका संध्याकाळी बायको भाजी निवडत म्हणाली, "अहो, मांजरीचं लिहिलंत, पेटीचं लिहिलंत. सरांचं कधी लिहिणार?"

मला कसं सुचलं नव्हतं कोण जाणे. सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून मी एक गोष्ट ऐकली होती. ती, आणि एक माझ्या डोळ्यांदेखतची, एवढंच लिहायचं ठरवलं. माझ्या ओळी उतरत्या जायच्या म्हणून त्या दिवशी फूटपट्टी नेली, चारी बाजूंनी नीट रेघा आखल्या आणि आत लिहिलं:

'आपल्या सरांनी शाळेत मुलांना झाड काढायला शिकवलं, त्याआधी एक अख्खा तास आंब्याखाली नुसतं उताणं पडून राहायला लावलं. ती मुलं आता मोठी झाली. डोळे मिटले की त्यांना अजून ती पानं दिसतात. खडू कितीही झिजला तरी सरांनी तो कधी टाकला नाही. सर रोज सकाळी या फळ्यापाशी येतात. भेटले तर बोला.'

मजकूर लांबला, शेवटची ओळ अगदी खाली गेली. मला वाटलं, छान झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेढीवर शेजाऱ्यांच्या फोनवरून बायकोचा फोन आला. "अहो, लवकर या. सरांच्या दारात गर्दी झालीय."

"काय झालं सरांना?"

"सरांना काही नाही. तुमच्या फळ्याने केलंय सगळं. या तुम्ही."

आमच्याकडे जिवंत माणसाचं कौतुक कुणी फळ्यावर लिहीत नाही. चौकट, आणि चौकटीत चांगले शब्द, म्हणजे माणूस गेला. लोकांनी दुसरा विचारच केला नव्हता. शेवटची ओळ भिंतीला टेकवलेल्या सायकलींनी झाकली होती. आणि नेमके त्याच सकाळी खोकल्यामुळे सर फळ्याशी आलेच नव्हते.

मी पोचलो तेव्हा सरांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग होता. आत भिंतीकडेने माणसं खाली मान घालून बसलेली. मध्ये वेताच्या खुर्चीवर मफलर गुंडाळलेले सर, मांडीवर ताट. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारच्या बाईंनी तातडीने पिठलं-भात आणला होता, तो सर जेवत होते.

"या," सर मला म्हणाले. "पिठलं चांगलं झालंय. लसूण जरा कमी."

त्या बाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आता पुढच्या वेळी जास्त घालीन हो, सर," आणि मग आपण काय बोललो ते कळून जीभ चावून आत पळाल्या. तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळ्या खोलीला आवरेना.

एवढ्यात चिटणीस दारात आले. आत सर जेवताना दिसले तसे जागीच उभे राहिले, एक हात पाठीमागे.

"काय आणलंयस?" सरांनी विचारलं. चिटणीस त्यांच्याच शाळेतले, हे मला तेव्हा कळलं.

"काही नाही, सर."

"दाखव."

वर्तमानपत्रात गुंडाळलेला हार पुढे आला. सरांनी कागद बाजूला करून पाहिलं. "झेंडू. मला शेवंती आवडते." मग म्हणाले, "फळा पूर्ण वाचलास का?"

"खाली सायकली होत्या, सर."

"पण थांबलास?"

चिटणीस एकदा माझ्याकडे बघून पुन्हा सरांकडे वळले. "थांबलो. दुकान उघडायचं तसंच राहिलं. दोनदा वाचलं." मग ते जरा हळू बोलले, "ते झाड आंब्याचं नव्हतं, सर. चिंचेचं होतं. बारीक पानं होती. मी होतो त्या वर्गात."

सरांनी ताट खाली ठेवलं. बाहेर दुपार अशी स्तब्ध झाली होती, जणू सगळी वसाहतच कुठल्यातरी झाडाखाली उताणी पडली आहे.

"रंगारी येऊ दे पाडव्याला," चिटणीस शेवटी म्हणाले. "काळा रंग घेऊन. फळा पांढरट पडलाय फार. आणि खाली लिहून घेऊ, इथे सायकली लावू नयेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळ्याशी गेलो तर सर माझ्याआधी हजर. धुकं अजून होतं. त्यांनी खिशातून खडूचा एक तुकडा काढला, नखाएवढा, आणि मला बाजूला व्हायची खूण केली. हात थरथरत होता. अक्षरं मोठी, वाकडी, एकेक करून धुक्यातून बाहेर येत होती. मागे थांब्यावरची माणसं जवळ सरकली होती.

'दुरुस्ती: झाड चिंचेचं.'

बस आली. कुणी हललं नाही. कंडक्टरने घंटी वाजवली, मग पुन्हा वाजवली, मग वैतागून खाली उतरला. "चलायचं का न्हाई? काय लागलंय तितं?"

"थांबा हो," एक बाई मान न वळवता म्हणाल्या. "अजून लिहितायत."

कंडक्टर फळ्याकडे बघत उभा राहिला. सरांनी एक श्वास घेतला, दुसऱ्या हाताने मनगट धरलं आणि खालची ओळ लिहायला घेतली: 'सर आहेत.'