साडूंचे कॉम्प्युटरमधले गाव

आमच्या साडूंइतका डोक्याला ताप देणारा माणूस उभ्या नगर जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर तो माझ्या नात्यात नाही एवढेच माझे नशीब. मूळचा कर्जतकडचा हा माणूस पाटबंधाऱ्याच्या नोकरीतून रिटायर झाला, सावेडीत आमच्या मागच्याच गल्लीत राहायला आला आणि फंडातून त्याने घ्यावे काय? कॉम्प्युटर! त्यावर गाव वसवण्याचा एक खेळ. रस्ते काढा, घरे बांधा, वीज द्या. गल्लीतली पोरे गोळा करून हा गृहस्थ म्हणे त्यांना त्यातून इंजिनियरिंग शिकवणार!

बरे, पोरांना सुखाने खेळू तरी द्यावे! त्या खेळात पाण्याची सोय करावीच लागत नसे, घरे माणसांनी आपोआप भरत. साडूंना ते कसे पटावे? पहिले घर ठेवले की हे मागून ओरडत, "आधी पानी! पानी कुठून आननार हाय?" मग पोरे पाटीवर विहीर, टाकी, उतार काढत बसत. एकदा अख्खे गाव वसले आणि लाइट गेली. सगळे पुसले गेले. पोरे रडकुंडीला आली, तर हे टाळी वाजवून म्हणतात, "ब्येस झालं! आता नव्यानं इचार करा." मी कपाळाला हात लावला.

त्यात आमची चिमी नववीला गणितात नापास. जूनमध्ये फेरपरीक्षा, तीही गेली तर वर्ष वाया. आणि बाईसाहेब साडूंकडे! मी तणतणत गेलो. "दादा, हिला गणितं सोडवायचीत, गाव नाही वसवायचं!"

"थांबा पाव्हणं," ते म्हणाले, "पोरगी टाकीचा हिशेब करती हाय."

गुणाकार दिसला की रडणारी माझी मुलगी हवेत बोटाने आकडे मांडत होती. "काका, पुरत नाही. माणसं जास्त झाली." मी आल्या पावली परतलो, पण राग काही गेला नाही.

चिमी पास झाली. दहावी सुरू होताच मी तिचे तिकडे जाणे बंद केले. साडू चकार शब्द बोलले नाहीत, याचाच मला जास्त संताप आला. मग एका रविवारी ते दारात येऊन उभे राहिले. चपला काढेनात, आत येईनात.

"पोरीला जरा इचारा," ते माझी नजर चुकवत म्हणाले, "तिच्या गावात बाजार कुठं बशिवू? मला एकट्याला काय सुचंना झालंय."

चिमी माझ्याकडे बघत राहिली. मला त्या माणसाची एकदम माया आली. "जा बाई," मी म्हणालो. लवकर परत ये, हे सांगायचे राहूनच गेले.