साजाचं बिल

विक्रीकर कार्यालयात मी सव्वीस वर्षं नोकरी केली. त्यातली बरीचशी आवक टेबलावर गेली. त्या टेबलासमोर येणारी माणसं एक तर घाबरलेली असायची, नाही तर आपण घाबरलेलो नाही हे दाखवायच्या नादात मोठ्यानं बोलायची. पवित्रा पट्टणशेट्टी यांतल्या कुठल्याच जातीची नव्हती. ती आली, कापडी पिशवीतून शंभरपानी वही काढली आणि म्हणाली, "साहेब, एकच विचारायचंय. विक्री म्हणजे नक्की काय?"

मी साहेब नव्हतो, कारकून होतो. पण प्रश्न असा होता, की मी हातातला शिक्का खाली ठेवला.

ती मूळची नेसरीची. वडील चनबसाप्पा यांचं तिथं किराणा दुकान. नव्वदच्या सुमारास, शाळेत असतानाच, वडिलांनी तिला गल्ल्याशेजारी बसवलं, कारण तिचं अक्षर चांगलं होतं. दुकानाची बिलं तीच लिहायची. गडहिंग्लजला बी.ए. झाली आणि पंचाण्णव साली लग्न होऊन कोल्हापुरात आली. नवरा वीरेश याचं मंगळवार पेठेत एस.टी.डी. बूथ होतं. मोबाइल आले तसं बूथ ओस पडलं. वीरेशनं काचेच्या केबिनी काढल्या, कर्ज काढून पाच कॉम्प्युटर मांडले आणि नेट कॅफेचा बोर्ड लावला. दुपारी बारानंतर तिथं पवित्रा बसायची. पोरं निकाल बघायला यायची, आयाबाया परदेशातल्या लेकींना मेल लिहून घ्यायला यायच्या. टायपिंग पवित्राच करायची.

त्यातूनच साजाचं सुरू झालं. दोन हजार चार साली एका बाईनं एक ग्रॅम सोन्याच्या, म्हणजे वरून सोन्याचा मुलामा दिलेल्या, कोल्हापुरी साजाचा गळ्यात घातलेला फोटो बंगळूरला लेकीकडे पाठवला. दोन दिवसांत उत्तर आलं, की माझ्या तीन मैत्रिणींना असाच पाहिजे. पवित्रानं ते तीन साज पोस्टानं पाठवले, आणि मग वीरेशनं तिला इंटरनेटवरच्या एका लिलावाच्या बाजारात खातं उघडून दिलं. कुणीही वस्तू मांडावी, देशभरातल्या कुणीही घ्यावी, असा तो बाजार. पहिला साज दिल्लीला गेला, साडेसहाशेला. पवित्राच्या बँकेत मात्र जमा झाले पाचशे अठ्ठ्याहत्तर. वस्तू मांडायचे काही, विकली म्हणून काही आणि गिऱ्हाइकानं कार्डानं पैसे भरले म्हणून आणखी काही, असे शंभरामागं अकरा रुपये मधल्यामध्ये कापले गेले होते.

"नेसरीच्या बाजारात सुद्धा जागेचं भाडं द्यावं लागतंय की," असं म्हणून तिनं ते मान्य केलं आणि कामाला लागली.

साज गाठवायला होती बाळाबाई. कॅफेच्या मागच्या बोळात एका खोलीत राहायची, साठीच्या पुढची, विधवा, मागंपुढं कोणी नाही. गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, एका दुकानदारासाठी ती साजाची पानं आणि मणी ओवायची, नगाला बारा रुपये. पवित्रानं पंचवीस दिले. बाळाबाईची बोटं वाकडी झाली होती, पण तिनं गाठवलेल्या साजाचं एक पानही कधी उलटं फिरत नसे. तिनं दोन शेजारणींना शिकवलं. महिन्याला दहा साज जायचे ते साठ-सत्तरवर गेले.

म्हणजे दोन हजार सातच्या फेब्रुवारीत पवित्रा माझ्यासमोर उभी राहिली तेव्हा हे सगळं असं होतं. विक्री पाच लाखांवर गेली, की नोंदणी करून कर भरावा लागतो, हे तिला वर्तमानपत्रातून कळलं होतं. वहीत तिनं बँकेत जमा झालेला एकूण एक रुपया लिहिला होता. चार लाख छत्तीस हजार.

"म्हणजे अजून चौसष्ट हजार जागा आहे ना?" तिनं विचारलं.

"हे कापून आलेले पैसे ना? गिऱ्हाइकानं किती दिले?"

तिनं दुसरं पान उघडलं. चार लाख नव्वद हजार.

"मग विक्री ही," मी म्हणालो. "हातात पडलं ते नाही, गिऱ्हाइकानं दिलं ते. मधल्यांनी कापलं तो तुमचा खर्च."

"जे पैसे मी डोळ्यांनी बघितलेच नाहीत त्याच्यावर पण कर?"

"व्हय."

तिनं दोन्ही आकड्यांखाली रेघ ओढली. मग म्हणाली, "आणि साज विकताना मी तर कर धरलेलाच नाही. आता वाढवला तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडं जाईल. ह्या बाजारात सगळ्यांची दुकानं एकाच पानावर असतात, अण्णा."

मी तिला नोंदणीचा फॉर्म दिला. तिनं तो घडी घालून वहीत ठेवला आणि निघून गेली. त्यानंतर वर्षभर ती आली नाही. दुसऱ्यांची प्रकरणं डोक्यात होती, मी तिला विसरलो.

त्या वर्षी काय झालं ते तिनंच मला पुढं सांगितलं. फॉर्म घेऊन ती एका कर सल्लागाराकडं गेली होती. तो हसला. म्हणाला, "एवढ्यासाठी नोंदणी कशाला? तुमच्याकडं काम करणारी एखादी बाई असेल. तिच्या नावानं बँकेत खातं काढा, बाजारात दुसरं दुकान मांडा. थोडं तुमच्या नावावर, थोडं तिच्या. दोघीही पाच लाखांच्या खाली."

वीरेशला ते पटलं नाही, पण तो म्हणाला, तू म्हणशील तसं. पवित्रानं चार दिवस विचार केला. कुणाचं काही बुडत नाही, असं तिला वाटलं. मग ती बाळाबाईला बँकेत घेऊन गेली.

"कशाला गं?" बाळाबाईनं वाटेत विचारलं होतं.

"तुमच्या नावावर खातं असलेलं बरं, मावशी."

बाळाबाईनं दाखवतील तिथं सह्या केल्या, एटीएमचं कार्ड पवित्रानं स्वतःकडं ठेवलं. एवढंच नाही, तर आपल्या नावाचं पासबुक मिळालं म्हणून तिनं ते देव्हाऱ्याशेजारी पिशवीत जपून ठेवलं. महिन्याची निराधार पेन्शनही मग त्याच खात्यात जमा करून घेतली. तिला तेवढंच माहीत होतं.

वर्ष संपलं तेव्हा त्या खात्यातून तीन लाख गेले-आले होते. पुढं पेन्शनच्या तपासणीसाठी सगळ्या निराधारांकडून पासबुकाच्या प्रती मागवल्या गेल्या. बाळाबाईनं शेजारणीला पाठवून नवी नोंद करून आणली आणि भोळेपणानं प्रत देऊन टाकली. महिन्याभरात तिची पेन्शन बंद झाली. ज्यांनी बंद केली त्यांचंही काही चुकलं नव्हतं. कागदावर ती तीन लाखांची व्यापारी होती.

बाळाबाई पासबुक घेऊन कॅफेत आली. पोरं कॉम्प्युटरवर बसली होती. ती सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाली, "पवित्रा, मी किती श्रीमंत हाय ते वाचून दाव बघू."

पवित्रा मला सांगत होती, तेव्हा एवढं वाक्य सांगून टेबलावरच्या शाईच्या पॅडचं झाकण उघडत, बंद करत राहिली.

"तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"वाचून दाखवलं. एकेक ओळ. काय करणार? त्यांना वाटलं होतं बँकेची चूक आहे. वाचत गेले तसं त्यांना कळत गेलं. मग म्हणाल्या, 'इचारलं असतंस तरी मी सही दिली असती गं. इचारलं न्हाईस ह्येचं वाईट वाटतंय.' आणि घरी जाऊन राहिलेले साज पुरे करून पाठवून दिले. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, अण्णा."

मला हे सांगायला आली त्या दिवशी तिनं दोन वह्या आणल्या होत्या. एक स्वतःच्या खात्याची, एक बाळाबाईच्या. दोन्ही माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "हे सगळं माझ्या नावावर लिहून घ्या."

सव्वीस वर्षांत माणसं आकडे कमी करून घ्यायला आलेली मी पाहिली. वाढवून घ्यायला आलेली ही एकच. मी तिला म्हणालो, की आधी नीट विचार करा, कर लागेल, व्याज लागेल, दंडही लागेल, आणि गिऱ्हाइकांकडून तुम्ही काही घेतलेलं नाही, म्हणजे सगळं पदरचं.

"विचार करूनच मागच्या वेळी ते केलं होतं," ती म्हणाली.

आमचे अधिकारी कडक होते, पण ऐकून घेणारे होते. त्यांनी दोन्ही वह्या चाळल्या. "आम्ही नोटीस काढायच्या आधी आलात, एवढं मी आदेशात लिहीन," ते म्हणाले. "त्यापेक्षा जास्त मला काही करता येणार नाही."

सगळं मिळून चाळीस हजारांच्या वर गेलं. वीरेशनं पाचांतले तीन कॉम्प्युटर विकले. बाकीचे पोस्टातली बचत मोडून भरले. वीरेश पंधरा दिवस कॅफेत उभाच राहायचा, रिकाम्या टेबलांसमोर बसवत नव्हतं त्याला.

आदेशाची प्रत घेऊन पवित्रा तहसील कचेरीत गेली. तीन लाख माझे, बाईचे नव्हेत, असं लेखी दिलं. एका खेपेत काम झालं नाही. कागद इकडून तिकडं फिरले, चौकशीला माणूस आला, त्यानं बाळाबाईची खोली पाहिली, पत्र्याची ट्रंक पाहिली. आठ महिन्यांनी पेन्शन पुन्हा सुरू झाली. मधल्या महिन्यांची मिळाली नाही. ती पवित्रानं दर महिन्याला स्वतः नेऊन दिली. बाळाबाई घ्यायची. "घ्या म्हणून आग्रह नको करूस," असं तिनं पहिल्याच महिन्यात बजावलं होतं, "माजंच हाय ते." गाठवण्याची मजुरीही तिनं तेव्हाच नगाला चाळीस करून घेतली. पवित्रानं ती दिली.

नोंदणी झाली. साजाच्या फोटोखाली पवित्रा आता किंमत, कर आणि पोस्टेज वेगवेगळं लिहायला लागली. पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकानं लिहिलं, की दुसरे कुणी कर घेत नाहीत, तुम्ही का घेता? तिनं उत्तर दिलं, की तो मी ठेवून घेत नाही, भरते, पाहिजे तर पावतीची प्रत पाठवते. त्या माणसानं साज घेतला नाही. महिन्याला पन्नासच्या खाली आली विक्री. त्या बाजाराचा दर वाढून मधल्यामध्ये कापणं अकराचं तेरा झालं, तेव्हा तर तिला वाटलं, की सोडून द्यावं. सोडलं नाही. जुनी गिऱ्हाइकं ओळखीनं नवी पाठवत राहिली. पुण्याच्या एका बाईला तिच्या नाचाच्या वर्गासाठी तीस साज लागले आणि पक्कं बिलच पाहिजे होतं. ते देणारी त्या पानावर पवित्रा एकटीच निघाली.

दोन हजार नऊमध्ये माझ्या मुलाचं लग्न ठरलं. सुनेसाठी खरा साज गुजरीत केला, पण बायको म्हणाली, रोज घालायला एक ग्रॅमचाही असू दे. मी तिला घेऊन मंगळवार पेठेत पवित्राकडं गेलो. कॅफे जाऊन तिथं आता काचेचं कपाट होतं, आत साज लटकवलेले. बाळाबाई खाली सतरंजीवर बसून दोन पोरींना ओवायला शिकवत होती आणि दोघींनाही रागं भरत होती. पवित्रानं चांगले पाच-सहा साज काढून दाखवले. आम्ही एक पसंत केला. तिनं बिलाचं पुस्तक ओढलं.

"बिल राहू दे हो," मी म्हणालो. "घरचंच आहे."

तोंडातून गेल्यावर माझं मलाच ऐकू आलं. इतकी वर्षं ज्या टेबलावर बसून मी लोकांच्या कराचे कागद घेतले, त्याच टेबलावरचा माणूस बिल नको म्हणत होता. पवित्रानं माझ्याकडं वर पाहिलं नाही. मला लाजवायचं नव्हतं तिला. तिनं कार्बन सरळ केला आणि विचारलं, "बिलावर तुमचं गणपतराव नाव लिहू, का वहिनींचं?"

"वहिनींचं," मी म्हणालो, आणि खिशातून कराचे सुटे पैसे काढायला लागलो.