वन्संचा डावा डोळा

माझ्या थोरल्या नणंदेला मी वन्सं म्हणते. त्या नदीकाठच्या वडगाव रासाईला राहतात, आम्ही दौंडला. त्यांच्या डाव्या डोळ्यात काचबिंदू निघाला तेव्हा दौंडच्या डॉक्टरांकडे मीच त्यांना घेऊन गेले होते. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ थेंब घालायला सांगितले आणि बजावलं की हे आता कायमचं, मध्येच बंद करायचं नाही. वन्संनी दोन वर्षं ते थेंब न चुकता घातले. मग शिरूरची ती सभा झाली.

वडगावात आम्हा ख्रिस्ती लोकांची आठ-नऊ घरं आहेत. रविवारची उपासना वन्संच्याच ओसरीत होते; आम्हीही जमेल तेव्हा दौंडहून जातो. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पास्टर, दौंडहून महिन्यातून दोनदा येतात, बाकीच्या रविवारी आबा वचन वाचतात. आबा म्हणजे मंडळीतले, आमच्या चर्चमधले, वडीलधारे. कुरकुंभच्या एका कंपनीत ऑपरेटर होते, आता निवृत्त आहेत. मी शाळेत शिकवते, म्हणून मंडळीचं लिहिण्या-वाचण्याचं जे काही काम असेल ते माझ्या गळ्यात.

तर एके दिवशी पाळकसाहेबांचा फोन आला. शिरूरच्या एका मंगल कार्यालयात प्रार्थनेने आजार बरे करण्याची तीन दिवसांची आरोग्यसभा आहे, कुणी मोठा प्रेषित येतोय, वडगावची मंडळी न्यायची, आणि प्रत्येकाचा फॉर्म मोबाईलवर भरायचा. मी विचारलं, "हे कुठल्या मंडळीतून येतात?"

"अहो बाई, मोठं नाव आहे त्यांचं," पाळकसाहेब म्हणाले.

मी विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. पण मी पुढे काही बोलले नाही. याचा मला आजही राग येतो, आणि तो माझा मलाच येतो. शाळेत पालकांची सही नसलेला दाखल्याचा अर्ज मी परत पाठवते. इथे मात्र मुकाट्याने सात जणांचे फॉर्म भरले. नाव, गाव, घरात कोण कोण, आजार कोणता, किती वर्षांपासून. प्रार्थनेसाठी एवढी माहिती कशाला लागते, असंही मला वाटलं नाही. मधल्या सुट्टीत, एका हाताने डबा खात, भरभर भरले.

सभेला आम्ही जीप करून गेलो, माझा नवराही बरोबर होता. मांडवाच्या दारातच त्या माणसाचा पुरुषभर उंचीचा फोटो होता. प्रभूचं नाव त्याच्या खाली, बारीक अक्षरात. तो बोलायला चांगला होता, हे कबूल केलं पाहिजे. आवाज भरदार, आणि मध्येच एकदम हळू व्हायचा, की माणसं पुढे वाकायची. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, त्याने उघडलं, एक ओळ वाचायला घेतली, ती संपायच्या आधीच मिटलं आणि तासभर स्वतःला झालेल्या दर्शनांबद्दल बोलला. मी माझं शास्त्र उघडून ती ओळ पुढे वाचली. पुढचा अर्धा भाग त्याच्या बोलण्याच्या नेमका उलट होता. मी शेजारी बसलेल्या आबांना बोट ठेवून दाखवलं. आबा म्हणाले, "आता ऐका वो, मग बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नावं न घेता माणसं ओळखायला लागला. एका बाईला तिच्या घरातल्यांची संख्या सांगितली. एकाला त्याचा जुना दमा सांगितला. माणसं रडायला लागली. मग त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "नदीकाठच्या गावाहून एक माता आली आहे. तिच्या उजव्या डोळ्यावर अंधार उतरतो आहे. दोन वर्षं झाली. मला दिसतंय."

वन्संनी हात वर केला. त्यांना पुढे नेलं. त्याने त्यांच्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि मोठ्याने प्रार्थना केली. वन्सं भान हरपल्यासारख्या रडत होत्या, कुठल्या डोळ्यावर हात आहे हे त्यांच्या ध्यानातही आलं नसावं. त्या परत येऊन बसल्या तेव्हा मी पिशवीतून मोबाईल काढला. भरलेल्या फॉर्मची प्रत आली होती, ती उघडली. वन्संच्या नावापुढे मी लिहिलं होतं: काचबिंदू, उजवा डोळा.

चूक माझी होती. डाव्याऐवजी उजवा लिहिला होता. ज्याला सगळं वरून दिसत होतं, त्याला माझी चूकही जशीच्या तशी दिसली होती.

दुपारच्या सुट्टीत मी त्याला गाठलं. तो आतल्या खोलीत चहा घेत होता. त्याचा सहायक आडवा आला, पण मी दारातूनच विचारलं, "माझ्या नणंदेचा कुठला डोळा खराब आहे?"

"ताई, देवाने जो दाखवला तो."

"तो चांगला आहे. खराब डावा आहे. उजवा मी फॉर्ममध्ये चुकून लिहिला."

त्याने कप खाली ठेवला. अजिबात चिडला नाही. "तुमच्यात शंकेचा आत्मा आहे," तो शांतपणे म्हणाला. "अभिषेक झालेल्या सेवकाला प्रश्न विचारणं चांगलं नसतं. घरावर येतं."

सहायकाने दार लावून घेतलं.

मला वाटलं, आता झालं, लोकांना फॉर्म दाखवला की विषय संपला. परतताना जीपमध्येच मोबाईल सगळ्यांच्या हातात दिला. सगळ्यांनी पाहिलं. मग एक जण म्हणाली, उजवा पुढे जाऊन खराब होणार असेल, तो देवाने आधीच वाचवला. दुसरी म्हणाली, समोरून बघणाऱ्याला आपला डावा उजवीकडंच दिसतो. मी आबांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत बसले. आदल्या संध्याकाळी त्यांनी स्वतः व्यासपीठावर जाऊन गुडघा बरा झाल्याची साक्ष दिली होती. जीपमधून उतरताना त्यांना माझ्या नवऱ्याचा खांदा धरावा लागला.

पाळकसाहेबांकडे गेले, तर ते म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर असेलही. पण माणसं किती आनंदात आहेत. कशाला त्यांचा विश्वास मोडता?"

"विश्वास कुणावर आहे तेच तर विचारतेय मी," मी म्हणाले. त्यांनी विषय बदलला. त्या तीन दिवसांत व्यासपीठावर त्यांना खुर्ची मिळाली होती, एवढंच मला दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी त्या माणसाने सांगितलं की बरं झाल्यावरही औषध घेणं म्हणजे देवाला खोटं ठरवणं. वन्संनी थेंब बंद केले. मला हे पंधरा दिवसांनी कळलं.

मी फोनवर समजावलं, चिडले, रडलेसुद्धा. त्यांचं एकच, "वहिनी, तुमी शिकल्याली मानसं. तुमाला समदं कागदावर लागतं. मला आतून वाटतंय ना, बरं हाय म्हणून."

"वन्सं, हा आजार दुखत नाही. आतून काही कळत नाही यात. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं का?"

"तवा सांगितलं व्हतं. आता देवानं सांगितलंय."

"देवाने नाही. त्या माणसाने."

"त्येच ते," वन्सं म्हणायच्या. त्या माणसाने केलेलं सगळ्यात मोठं नुकसान मला या दोन शब्दांत दिसत होतं.

चार महिन्यांनी एकदा मी वडगावला गेले होते. वन्सं चहा घेऊन ओसरीवर येत होत्या आणि डाव्या बाजूच्या खांबाला सरळ जाऊन धडकल्या. ट्रे पडला. त्या हसून म्हणाल्या, आजकाल असं व्हतंय. मी त्यांना तशीच दौंडला घेऊन गेले. डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले. मग म्हणाले, डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली, ती परत येणार नाही. मधली थोडी उरली आहे, थेंब पुन्हा सुरू केले तर टिकेल. वन्संनी विचारलं, "आन् उजवा?" उजवा ठणठणीत होता.

त्या रविवारी उपासनेनंतर मी सगळ्यांसमोर त्या प्रेषिताच्या ऑफिसला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि वन्संच्या डोळ्याचं सांगितलं. पलीकडून एक बाई गोड आवाजात म्हणाल्या, "त्या मातेचा विश्वास कमी पडला असेल. पुढच्या सभेला घेऊन या."

वन्सं मान खाली घालून पदराचं टोक पिळत होत्या. मग आबा उठले. त्यांना उठायला वेळ लागला.

"हिचा इस्वास कमी पडला?" ते म्हणाले. "तीस वर्सं ही बाई ही ओसरी झाडून आपल्याला बसाया देती. माजा गुडगा तवाबी दुखत व्हता, आजबी दुखतोय. लोकांत बसायचं म्हणून मी खोटं बोललो. पयली चूक माजी हाय."

आबांचा मला इतका राग आला होता, की ते हे बोलले तेव्हाही तो लगेच गेला नाही. पण त्यांनी पुढचं कामही केलं. पाळकसाहेबांना बोलावून घेतलं आणि ठरवून टाकलं: पाहुणा वक्ता आला तर आधी त्याच्या मंडळीतल्या माणसांशी बोलायचं. तो वाचेल तो सगळा अध्याय आम्ही उघडून वाचायचा. प्रश्न चालत नसतील तर सभाही चालणार नाही. आणि औषधाबद्दल फक्त डॉक्टरांनी बोलायचं. पाळकसाहेब म्हणाले, "यात कडवटपणा वाटतो लोकांना." आबा म्हणाले, "वाटू द्या."

गेल्या महिन्यात पाबळकडून एक वयस्कर प्रचारक आले होते. आम्ही त्यांना तासभर प्रश्न विचारले. दोन प्रश्नांना ते म्हणाले, "हे मला माहीत नाही, वाचून सांगतो." इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला उपदेश ऐकताना खांदे सैल सोडता आले.

वन्सं आता थेंब घालतात. पण त्यांना विचारलं तर म्हणतात, "मानूस चुकला असंल, प्रार्थना मातुर चांगली करायचा." दर रविवारी त्या त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करतात आणि ओसरीतले सगळे आमेन म्हणतात. मी अजून म्हणत नाही.