खानावळ बंद होती तेव्हाची गोष्ट

माझं वजन एवढं कशानं वाढलं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा उत्तर मला ठाऊक होतं. पण ते सांगितलं असतं तर त्यांना हसू आलं असतं, म्हणून मी नुसतीच मान हलवली.

या तेलुगू मुलखातल्या शहरात, नल्लकुंट्यात, आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर माझी खानावळ होती. यजमान अकाली गेले, माझी मुलगी मेधा शाळेत होती आणि मला स्वयंपाकाशिवाय दुसरं काही येत नव्हतं. सुरुवातीला जेवायला यायचे ते बिदर, नांदेडकडून शिकायला आलेले विद्यार्थी आणि एकटे राहणारे कारकून. पुढे शहर बदललं. माधापूरकडे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि गळ्यात कंपनीची ओळखपत्रं अडकवलेली पुण्या-मुंबईची मुलं माझ्या पंगतीला बसू लागली. त्यांच्या येण्या-जाण्याला धरबंध नसायचा. 'काकू, आज कंपनीतच जेवलो' असा निरोप यायचा तेव्हा इकडे पोळ्या झालेल्या असायच्या.

लग्नात माहेरहून आलेली पितळेची अन्नपूर्णा माझ्या स्वयंपाकघरातच एका कोनाड्यात, तांदळाच्या वाटीत बसलेली होती. तिच्या डोळ्यांदेखत अन्न टाकायला माझा हात धजत नसे. दारावर आलेल्याला द्यायचं, गाईला घालायचं आणि तरीही जे उरेल ते ओटा पुसून झाल्यावर उभ्याउभ्या आपण संपवायचं. हे खाणं मला कधी हावरेपणाचं वाटलं नाही. ती माझी पूजाच होती. बाकीचे फुलं वाहतात, मी उरलेला भात खात होते.

पन्नाशी ओलांडली आणि शरीरानं हिशोब मांडला. आधी साखर, मग गुडघे, मग दम. स्टुलावर बसून फोडण्या घालू लागले. रात्री आडवं झालं की श्वास अडके, म्हणून पाठीशी उशा रचून बसल्याबसल्या झोपायची. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की आधी वजन उतरवा, मगच गुडघ्यांचं बघू. मी उपास केले, भात सोडला, भाकरी सोडली. थोडं उतरायचं आणि त्याच्या दुप्पट चढायचं. शेवटी मेधानंच चौकशी करून आणली की आता आपल्या शहरातही पोट लहान करायचं ऑपरेशन होतं, पोट न चिरता, छोट्या भोकांतून.

ते डॉक्टर तेलुगू होते, माझ्याशी हिंदीत बोलत. त्यांनी टेबलावरची चहाची कपबशी पुढे ओढली आणि कपाकडे बोट दाखवून म्हणाले, "अम्मा, इसके बाद आपका पेट इतना भी नहीं रहेगा." त्या उरलेल्या लहान पोटाला आतडं वळवून जोडायचं होतं. धोकेही त्यांनी लपवले नाहीत. या वयात ते जास्त, असं स्पष्ट सांगितलं.

मला धोक्याची भीती तेवढी वाटली नाही. अडचण वेगळीच होती. जन्मभर जिच्या नावानं खाल्लं, तिच्यापुढे आता पोटच कापून घ्यायचं, हे तिला कसं सांगायचं? माझ्या थोरल्या जाऊबाई याच शहरात, काचीगुड्याला राहतात. त्यांनी तर तोंडावरच विचारलं, "देवानं दिलेलं पोट आहे ते. त्याला कात्री लावण्यापेक्षा नाम घे, एकभुक्त राहा. तोंडावर ताबा नाही म्हणून पोट कापायचं, असं कुठं असतं का?" त्या दुष्टपणानं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि मलाही निम्मं तसंच वाटत होतं. दवाखान्यात निघाले त्या दिवशी मी नेहमीसारखी पूजा केली, हळदकुंकू वाहिलं, पण देवीकडे काही मागितलं नाही. मागायला तोंड नव्हतं.

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं. मला घरी सोडलं. खानावळीच्या दाराला 'काही दिवस बंद' अशी पाटी लागली. मेधाची रजा संपली होती, म्हणून जाऊबाई त्यांचं घर सोडून माझ्याकडे राहायला आल्या. ज्या ऑपरेशनला त्यांचा विरोध होता, त्याची सगळी उस्तवार त्यांनीच केली. वरणाचं पाणी गाळून चमच्या-चमच्यानं पाजत. मी पडले होते ती खोली स्वयंपाकघराला लागून होती, पण तिथून कोनाडा दिसत नव्हता. मला त्याचं बरंच वाटलं.

मग एके सकाळी डावा खांदा दुखू लागला. दवाखान्यात सांगितलं होतं की ऑपरेशनसाठी पोटात हवा भरलेली असते, त्यानं खांदा दुखतो, आपोआप थांबतं. म्हणून मी गप्प राहिले. दुपार होईतो छातीत धडधड वाढली, श्वास तोकडा पडू लागला आणि अंगाला गार घाम सुटला. जाऊबाईंनी खांदा शेकला आणि म्हणाल्या, "वाताचं आहे. पडून राहा." मेधाला फोन करू का, असं त्यांनी विचारलं, तर मीच नको म्हटलं. ती नुकती कामावर रुजू झालेली. आणि दुसरंही एक होतं. मला मनातून वाटत होतं की हे असंच व्हायचं होतं. देवी रागावली असेल तर तिचं बरोबरच आहे. आपण सोसावं.

तेवढ्यात दार वाजलं. जाऊबाई गेल्या. बाहेरचं बोलणं मला पडल्यापडल्या ऐकू येत होतं. एक तरुण मुलगा होता आणि त्याची आई. उदगीरहून आलेले. मुलाला इथल्या कंपनीत नोकरी लागलेली आणि तो कुठं जेवणार ते बघून जायचं म्हणून आई सोबत आलेली. त्यांना विद्यानगरच्या एका खानावळीत जायचं होतं, पण रिक्षावाल्यानं इथं आणून सोडलं होतं. तो गल्लीतून सांगत होता, "मराठी खाना बोले तो यहीच है अम्मा. मैं तो हमेशा यहीच लाता."

"खानावळ बंद आहे," जाऊबाई म्हणाल्या. "घरात आजारी माणूस आहे."

"असू द्या, आम्ही निघतो. तेवढं पाणी मिळालं तर बरं होईल," त्या बाई म्हणाल्या.

दारात आलेल्याला नुसतं पाणी द्यायची आमच्याकडे रीत नाही. सवयीनं मी आतून आवाज दिला, "जाऊबाई, उन्हातून आल्यात, गूळ द्या सोबत." एवढं एक वाक्य बोलायला मला मध्ये दोनदा थांबावं लागलं.

मग त्या बाई पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून, न विचारता, माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. माझ्याच वयाच्या, किरकोळ अंगाच्या, कपाळ मोकळं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ऑपरेशन कशाचं झालंय?"

मी सांगितलं.

"खांदा दुखतोय? डावा?"

मी मान हलवली. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि माझं मनगट धरलं.

"गॅस आहे तो," जाऊबाई म्हणाल्या. "डॉक्टरांनीच सांगितलंय."

"आम्हालाही असंच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. आवाज अगदी सपाट होता. "ह्यांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं होतं. असाच खांदा, असाच श्वास, असाच घाम. मीही शेकत बसले होते. सकाळी माझ्याकडे चहा मागितला आणि दिवस मावळायला ते नव्हते. आत टाका उसवला होता, हे मागाहून कळलं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, मी तुमची कोणी लागत नाही. तुमचं वेगळंही असेल. पण तुम्हाला असं टाकून मला इथून जाता येणार नाही."

मुलाला त्यांनी रिक्षा थांबवायला पाठवलं. रिक्षावाला गल्लीच्या तोंडाशी गाडी वळवत होता. तोच परत आला. मला उठवून बसवणं सोपं काम नव्हतं. माझं वजन तेव्हा तसंच होतं. मुलानं आणि रिक्षावाल्यानं दोन्हीकडून धरलं. "आहिस्ता अम्मा, जल्दी नक्को," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. जाऊबाई मेधाला फोन लावायला मागे राहिल्या. मुलगा पुढे बसला, त्या माझ्याजवळ.

त्या वाटेबद्दल मला फार सांगता येणार नाही. त्या बाई काही जप वगैरे करत नव्हत्या. धीराचे शब्दही बोलल्या नाहीत. माझा हात स्वतःच्या मांडीवर धरून त्या समोरच्या रहदारीकडे बघत होत्या. मी मात्र तोवर कधी न केलेली एक गोष्ट केली. मीठ किती, पाणी किती, कोण जेवलं, कोण राहिलं, हे सगळं आयुष्यभर मी ठरवत आले होते. देवी रागावली आहे हेही मीच ठरवलं होतं. रिक्षात ते ठरवणं संपलं. जगेन की नाही हेसुद्धा मनात आलं नाही. देवीचं नावही मी घेतलं नाही. एवढंच जाणवलं की आज आपण वाढणारे नाही. आपण पानावर बसलेलो आहोत आणि जे वाढलं जाईल ते घ्यायचं आहे. फार हलकं वाटलं. पुढे वजन उतरल्यावरही इतकं हलकं मला कधी वाटलं नाही.

जोडलेल्या जागी आत शिवण सुटली होती. पोटात घाण पसरू लागली होती. लगेच दुसऱ्यांदा ऑपरेशन केलं. नंतर बरेच दिवस अतिदक्षता विभागात गेले, त्यातलं बरंचसं मला आठवत नाही. डॉक्टरांनी मेधाला सांगितलं की त्या दिवशी मी पडून राहिले असते, तर त्यांच्या हातात काही उरलं नसतं. त्या बाई मेधा पोचेपर्यंत ऑपरेशनच्या दाराबाहेर बसून होत्या. त्यांची परतीची गाडी चुकली. मेधानं घरी चला म्हटलं तर म्हणाल्या, "आई बरी झाली की कळव," आणि मुलाच्या खोलीवर निघून गेल्या.

मी याला चमत्कार म्हणत नाही. रिक्षावाल्याची खानावळ चुकली, एका बाईला तहान लागली आणि मला गूळ द्यायची सवय होती. इतकंच घडलं. त्यात देवी कुठं होती ते मला दाखवता येणार नाही. पण घरी परतल्यावर भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेले आणि कोनाड्यापुढे उभी राहिले, तेव्हा तिला सांगायचं म्हणून जे जुळवून ठेवलं होतं, त्यातलं काही सांगावंसं वाटलं नाही. तिच्या धान्याला कोठार म्हणून माझं पोट लागतं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तिनं तसं कधी मागितलंच नव्हतं.

खानावळ पुन्हा सुरू झाली. आता मी बसून जेवते, सगळ्यांच्या आधी, लहान वाटीत मावेल एवढंच. उरलं तर दाराशी येणाऱ्यांना जातं, त्यातूनही उरलं तर उरलं. गुडघे अजून कुरकुरतात, पण जिना चढते. जाऊबाई अजूनही म्हणतात की ऑपरेशन करायला नको होतं. मी वाद घालत नाही.

त्या बाईंचं नाव सुलभाताई. त्यांचा नितीन आमच्याकडेच जेवायला येऊ लागला, आणि भाद्रपदात त्या त्याला भेटायला आल्या तेव्हा माझ्याकडे उतरल्या. दुपारी आम्ही दोघी पडवीत गवार निवडत बसलो होतो. बरेच दिवस मनात होतं ते मी विचारलं. म्हटलं, "सुलभाताई, सर्वपित्रीला आमच्याकडे पान असतं. त्या दिवशी तुमच्या यजमानांच्या नावानं एक घास ठेवला तर चालेल का? मी त्यांना पाहिलेलं नाही. पण त्यांच्या जाण्यातून तुम्हाला जे कळलं, त्यावर मी जगले आहे."

त्यांच्या हातातली गवार हातातच राहिली. त्या दिवशी दवाखान्यातही रडल्या नव्हत्या, मेधा सांगते. आता मात्र त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाल्या, "ठेवा. वरणभात आवडायचा त्यांना. पण तूप हात आखडून वाढलेलं चालायचं नाही."

तेव्हापासून दर वर्षी सर्वपित्रीला मी ते पान वाढते आणि तूप भातावरून ओघळेपर्यंत हात थांबवत नाही.